मिशावाली सवत आणि उत्तर दिशा

मला सवत होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तिला झुपकेदार मिशा होत्या, डावा पाय अधू होता, आवाज बंदरात शिरणाऱ्या आगबोटीच्या भोंग्यासारखा होता, आणि उत्तर दिशा नेमकी कुठे आहे हे छातीठोकपणे सांगणारा मालवण तालुक्यातला एकुलता एक माणूस म्हणून तिची ख्याती होती. म्हणजे आमच्या ह्यांचे बाळपणचे दोस्त हो. ह्यांची शाळा, पहिली विडी, मास्तरांचा पहिला मार, पोहता येत नसताना खाडीत मारलेली पहिली उडी, सगळं त्यांच्या जोडीने झालं. लग्न तेवढं माझ्याशी झालं, आणि तेही मला वाटतं दोस्त त्या वेळी बोटीवर होते म्हणून.

हे मुंबईला गोदीत कारकून. आमच्याकडच्या बायकांचे नवरे मुंबईलाच असायचे, त्यात नवल ते काय? मे महिन्यात एकदा यायचे आणि गणपतीला एकदा. मधल्या काळात आम्ही भात लावायचं, भात कापायचं, सासू सांभाळायची आणि 'तुज्या घराक पाळणो कदी हलतलो गो?' असं विचारणाऱ्या बायांना हसून उत्तर द्यायचं. नवरा मुंबईत आणि पाळणा तारकर्लीच्या वाटेवरच्या वाडीत, तो हलणार कसा, हे कोणी विचारात घेत नसे. बरं, आलेल्या दिवसांत तरी माणूस डोळ्यांसमोर असावा की नाही? तर नाही. चहाचा कप खाली ठेवला की हे उठले आणि शेजारच्या माडांच्या बागेत एका मिशाळ गृहस्थाच्या पडवीत जाऊन बसले. त्या गृहस्थाला सवत म्हणू नको तर काय म्हणू? ते मला 'वयनी' म्हणत, मी त्यांना 'भावजी' म्हणे, आणि मनात जे म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भावजी परदेशी जाणाऱ्या बोटीवर सुकाणी होते. सुकाणी म्हणजे बोटीचं चाक धरून उभा राहणारा. समोर होकायंत्र, त्यातली सुई सांगेल तिकडे चाक फिरवायचं, एवढंच काम. पण ते काम करता करता माणूस त्या सुईच्या प्रेमातच पडला. पुढे शिडीवरून पडून पाय मोडला, बोट सुटली, लग्न करायचं राहून गेलं, आणि भावजी आपले एक पत्र्याची ट्रंक घेऊन घरी परतले. लोकांच्या ट्रंकेतून अत्तर निघे, जपानी कपबशा निघत, नायलॉनच्या साड्या निघत. भावजींच्या ट्रंकेतून निघालं बोटीवरून काढून टाकलेलं एक पितळी होकायंत्र, ताटाएवढं, आणि घोड्याच्या नालाच्या आकाराचं एक भलंमोठं लोहचुंबक. ह्या दोन वस्तूंच्या जोरावर त्या माणसाने आमची वाडी जिंकली, माझी सासू जिंकली आणि माझा नवरा तर काय, आधीच जिंकलेला होता.

त्यांच्या घरात शिरायचं तर लोखंड बाहेर ठेवायचं, हा पहिला नियम. सुईला लोखंड सोसत नाही म्हणून. देवळात जाताना वहाणा काढाव्यात तशा लोक त्यांच्या पायरीवर किल्ल्या, अडकित्ते, चाकू काढून ठेवत. नारळ पाडायला येणारा एक गडी होता, तो कमरेला कोयता अडकवूनच जन्माला आला असावा. त्याला भावजींनी कोयता गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, ठेवायला लावला, आत बोलावून चहा पाजला, पृथ्वी हीच कशी एक मोठं लोहचुंबक आहे ते समजावून सांगितलं. गडी इतका भारावला की तसाच माडावर चढला, अगदी शेंड्याला पोचला, आणि कमरेला हात घालतो तर कोयता गडग्यावर. वरून त्याने ज्या शिव्या हासडल्या त्या तारकर्लीपर्यंत ऐकू गेल्या. भावजी खाली उभे राहून म्हणतात कसे, "ओरडा नको रे! चढलास तसो वायच बघ, समुद्राची बाजू खंयची ता तरी सांग!"

दुसरा नियम झोपायचा. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण भावजींचं समाधान तेवढ्यावर होत नसे. सूर्य बघून ठरवलेली उत्तर त्यांना मान्य नव्हती. सुईने दाखवलेलीच उत्तर खरी. ते घरोघरी जाऊन खाटा फिरवत. आमच्या सासूबाईंची खाट त्यांनी अशी काही फिरवली की स्वयंपाकघराचं दार पुरतं अडलं. सुई तशी म्हणते म्हटल्यावर कोण बोलणार? सकाळी सासूबाईंचा चहा घेऊन मी मागच्या दाराने बाहेर पडे, अंगण ओलांडून पुढच्या दाराने आत येई. आणि सासूबाई बशीत चहा ओतता ओतता म्हणत, "काय झोप लागली गो आज! सोन्यासारखो झील तो." ह्यांना जन्म देऊन वाढवलेल्या बाईने दुसऱ्याला सोन्यासारखा म्हणावं, आणि तेही माझ्या हातचा चहा पिताना! तो अंगणातून फिरून येईतो निवलेला असे हे खरं, पण ते कोणामुळे?

सासूबाईंच्या गुडघ्यांचं तर विचारूच नका. लग्न होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी उंडीचं तेल कोमट करून त्या गुडघ्यांना मी चोळत होते. उंडीच्या तेलाचा वास ज्याने घेतला आहे त्याला माझी भक्ती कळेल. एका मे महिन्यात भावजी चुंबक घेऊन आले आणि ते त्यांनी फडक्यात गुंडाळून सासूबाईंच्या गुडघ्याला बांधलं. रक्तात लोखंड असतं, चुंबकाने ते ओढलं की रक्त धावतं, असं त्यांचं शास्त्र. तीन दिवसांनी सासूबाई जिना चढून माळ्यावर गेल्या आणि सगळ्या वाडीत बभ्रा झाला. माझ्या तेलाचं नावही नाही! मी चूल फुंकत बसले, धुराचं निमित्त होतंच.

पण एक सांगते, आणि हे मला त्या वेळीही कबूल करावं लागलं. माणूस वेडा होता, लबाड नव्हता. दुसऱ्या आठवड्यात ते परत आले, ह्या खेपेला दोन पुरचुंड्या घेऊन. एका गुडघ्याला एक, दुसऱ्याला दुसरी, सारखंच फडकं, सारखंच वजन. कशात काय ते कोणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी विचारलं, "काकी, खंयचो गुडघो बरो?"

"उजवो," सासूबाई म्हणाल्या. "उजवो एकदम हलको झालो बघ."

भावजींनी उजवी पुरचुंडी सोडली. आत समुद्रावरचा एक गोटा होता. ते गोट्याकडे बघत राहिले, सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मी पदर तोंडात कोंबून मागच्या दाराने बाहेर पळाले. "मगे आता?" सासूबाईंनी विचारलं. "आता काय?" भावजी म्हणाले, "गोटोच बांधा. बरा वाटता मां?" त्यानंतर त्यांनी कोणाच्या गुडघ्याला चुंबक बांधलं नाही. सासूबाईंनी मात्र तो गोटा शेवटपर्यंत बांधला आणि त्याचं श्रेयही भावजींनाच दिलं. आता ह्याला काय म्हणावं?

होकायंत्राचं वेगळंच झालं. आमच्याकडे काही अडलं की देवाला कौल लावतात. देवाच्या अंगाला कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. आता तुम्हीच सांगा, काचेखाली एक सुई आहे, ती आपोआप हलते, आपोआप थांबते, कोणी हात लावत नाही. आमच्या लोकांनी तिला काय समजावं? एक दिवस एक म्हातारबुवा नारळ घेऊन आले. हरवलेल्या पाड्याची, म्हणजे गोऱ्ह्याची, चौकशी होती. होकायंत्रापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, आज तुज्या पायाशी इलंय, माजो पाडो खंय चुकलो आसात, तर तेची वाट दाखय रे म्हाराजा..." आणि पडवीत बसलेल्या सगळ्यांनी, आमचे हे धरून, सवयीने आवाज दिला, "व्हय म्हाराजा!"

भावजी आतून लंगडत आले. "अरे मेल्यांनो! ह्यो देव नाय! ह्येका फकत उत्तर कळता! दुसरा कायएक कळणा नाय!"

"उत्तरेकच गेलो तर पाडो," म्हातारबुवा शांतपणे म्हणाले आणि उठून गेले. आणि पाडा सापडला की हो उत्तरेला, कोणाच्या तरी वायंगणी भातात चरत! तेव्हापासून भावजींच्या पायरीवर किल्ल्यांच्या शेजारी नारळही दिसू लागले. ते परत न्यायला लोक तयार नसत, म्हणून भावजी ते आमच्याकडे पाठवत. म्हणजे सवतीच्या नारळाचं खोबरं मी माझ्याच पाट्यावर वाटायचं!

ह्यांच्यावर मात्र त्या चुंबकाचा अंमल खरा होता. आमच्या किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत मधून मधून काळे पट्टे असतात. ती काळी वाळू म्हणजे लोखंडाचीच जात. ऊन उतरलं की हे दोघं बाप्ये, चांगले मिशा आलेले, लेंगे गुडघ्यापर्यंत दुमडून, चुंबकाला सुंभ बांधून वाळूतून ओढत चालायचे. चुंबकाला काळी दाढी फुटायची. ती झटकायची, परत ओढायची, परत झटकायची. हसायचं काय, ओरडायचं काय! मी घरी बांगड्याची तिरफळं घातलेली कढी करून ठेवलेली असायची. ह्यांना आवडते म्हणून वर्षभर मनात धरलेली कढी. एकदा मी त्यांना बोलवायला म्हणून सुरूंच्या झाडांपर्यंत गेले आणि तिथेच थबकले. हे हसत होते. माझ्याबरोबर असताना हे हसत नसत असं नाही. पण हे हसणं मी पाहिलेलंच नव्हतं. मी आले तशी परत फिरले आणि त्या दिवशी कढी शेजारी वाटून टाकली.

अशात एका मे महिन्यात हे आले ते पायरीवरूनच म्हणाले, "खोली गावली!" मुंबईत चाळीत खोली मिळाली होती. माझा विश्वासच बसेना. बटण दाबलं की उजेड, नळ सोडला की पाणी, आणि खिडकीसमोरून ट्राम जाते. ट्रामची तार खिडकीतून हात काढला तर लागेल की काय इतकी जवळ. धाकटे दीर आणि जाऊ घरात होतेच, तेव्हा सासूबाईंचाही प्रश्न नव्हता. मी त्याच दुपारी ट्रंक काढली, ऊन दाखवलं, तळाला कागद घातला. जुन्या लुगड्यांची एक नवी गोधडी शिवून ठेवली होती, ती सगळ्यात वर ठेवली. आणि हे चहा पिऊन आनंदाची बातमी सांगायला गेले. कोणाकडे ते सांगायला नकोच.

परत आले ते तोंड पाडून.

"काय झाला?" मी विचारलं.

"काय नाय गो. तो म्हणता, तारेच्या बाजूक रवना बरा नाय. विजेचो माणसाच्या अंगार परिणाम व्हता म्हणता. पोराबाळांचो इचार असलो तर..."

"तो म्हणता! आणि मी म्हणतंय ता?"

मी त्या वेळी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत आडाळ्यावर बसले होते. आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी, चांगली दणकट लोखंडी. ती तशीच उचलली आणि तरातरा निघाले. हे मागून "अगो, अगो" करत येताहेत, मी पायरी चढले, कोणाचा कसला नियम न जुमानता सरळ पडवीत शिरले आणि होकायंत्राच्या समोर आडाळो मांडून त्यावर बसले. काचेखालची सुई थरथरली, गर्रकन वळली आणि माझ्याकडे टोक करून थांबली.

"वयनी, ता भायर ठेवा!" भावजी किंचाळले. "सुयेन तोंड फिरवल्यान!"

"फिरवंदे!" मी म्हटलं. "ह्या घरात कोणी तरी माज्याकडे बघल्यान!"

हे खाली बघत होते. मी पुढे म्हटलं, "सांगा आता. विजेच्या तारेन काय व्हता ता माका सांगा. जातलंय मी, तुमी नाय."

मग भावजींनी बोटीवरची गोष्ट सांगितली. एकदा होकायंत्राच्या जवळून कोणी तरी दिव्याची नवी तार नेली. दिवा लागला की सुई सरके, विझला की जागेवर येई. सुकाणूवर भावजी. सुई सांगते तसे चाक फिरवत राहिले, आणि बोट भलत्याच रोखाने चालली. खडक दिसले तेव्हा सगळ्यांना कळलं. बोट वाचली, पण भावजींच्या मनात जे बसलं ते बसलं. "अख्खी बोट भुलली, वयनी. तारेतून वीज गेली की तारेच्या भोवती चुंबक तयार व्हता. माणसाच्या रगतात लोखंड आसा. मगे माणूस भुलाचो नाय?"

"मुंबयत येवडी माणसां रवतत. ती काय सगळी भुलली?"

ह्यावर भावजींनी मिशीचं टोक चावलं. मग उठले, होकायंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि ह्यांच्या मांडीवर ठेवलं. "घेवन जा. खिडकेत ठेव. ट्राम गेल्यार सुई हलली नाय, तर वयनीक ने. हलली तर नेव नको."

झालं! मे महिना संपत आला, पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट लागली. बंदरावर, आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसून हे निघाले. आणि ह्यांच्या मांडीवर, माझ्या नव्या गोधडीत गुंडाळून, अगदी तान्ह्या पोरासारखं जपून, मुंबईला कोण निघालं? होकायंत्र! मी बंदरावर उभी. खोली माझी, गोधडी माझी, नवरा माझा, आणि चाळीत राहायला गेली ती सवतीची सुई. माझ्या शेजारी भावजी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो पावसाळा मला आठवतो. एरवी भावजी आमच्याकडे ह्यांच्या गैरहजेरीत फारसे येत नसत. त्या वर्षी येऊ लागले. डोक्यावर इरलं, लेंगा चिखलाने भरलेला, पायरीवर उभे राहून विचारायचे, "पत्र इला?" मी म्हणे, "नाय." ते जरा वेळ पावसाकडे बघत उभे राहत आणि जात. पत्र आलं की मी मोठ्याने वाचून दाखवी. पत्रात होकायंत्राची काही हकिकत नसे; सगळी घरी आल्यावर सांगतो म्हणून ह्यांनी राखून ठेवलेली. भावजी तरी म्हणत, "परत एकदा वाचा." पहिल्यांदा मला राग आला. माझं पत्र, दोनदा कशाला ऐकायचं ह्यांना? पण वाचलं मी. खरं सांगायचं तर मलाही ते दुसऱ्यांदा वाचायचंच होतं, निमित्त हवं होतं.

गणपती त्या वर्षी उशिरा होते, आगबोटी नुकत्याच सुरू झालेल्या. हे आले, गोधडीसकट होकायंत्र घेऊन. मी ह्या खेपेला मागे राहिले नाही, ह्यांच्याबरोबरच भावजींच्या पडवीत गेले. लोखंडाचं काही अंगावर नव्हतं.

"सुई हलली," हे म्हणाले.

मी खांबाला धरून खाली बसले.

"किती?" भावजींनी विचारलं.

"बोटभर. ट्राम जवळ इली की सरकता, गेली की परत जाग्यार. दर टायमाक तसाच. तू म्हणलंस ताच खरा, रे. रवांदे तिका हयसरच."

भावजींची आता छाती फुगेल, मिशी पिळली जाईल, असं मला वाटलं. त्यांचंच खरं झालं होतं. अटही त्यांनीच घातली होती. पण त्यांनी मिशीला हात लावला नाही. विचारलं, "बाजूक कोण रवता?"

"बाजूक एक म्हातारी. तिची खिडकी तर तारेच्या आणखी जवळ. लगीन करून इली तेवापासून त्याच खिडकेत बसान तांदूळ निवडता. माका विचारी, ह्या काय घड्याळ हाडलंस? काटो एकच कसो?"

"आनि बरी आसा?"

"बरी? जिन्यात माका धक्को देवन फुडे जाता! परवा नळार भांडली, तीन बायका एका बाजूक नि ती एका बाजूक. जिकली."

"पोरां?"

"पाच. सगळी मेली तिच्यासारकीच."

बाहेर कोणाच्या तरी घरी आरती चालली होती, झांजा वाजत होत्या. मग भावजी म्हणाले, "घेवन जा वयनीक."

"पण सुई हलली मां!"

"सुई हलली. म्हातारी खंय हलली?"

"एका म्हातारेन काय सिद्ध व्हता?" हे म्हणाले. काय माणूस बघा, माझ्या मुळावरच उठलेला!

"काय नाय व्हणा," भावजी म्हणाले. "पण तुज्याकडे एक तरी म्हातारी आसा. माज्याकडे काय आसा? एक भुललेली बोट नि माजी जीभ. सुयेक लागता म्हणान माणसाक लागता, ह्या माका कोणी सांगल्यान? कोणी नाय. माका माहीत नाय, आणि माहीत आसल्यासारको बोललंय. माहीत नसताना दुसऱ्याच्या संसाराक खुटी घालूची, ता बरा नाय."

इतकी वर्षं ज्या माणसाशी मी मनातल्या मनात भांडत आले, त्याने माझी बाजू घ्यावी आणि माझ्या नवऱ्याने त्याच्याशी वाद घालावा! मी उठले, पदर सावरला, ट्रंक भरायची होती. तेवढ्यात भावजी होकायंत्राची काच पंच्याच्या टोकाने पुसता पुसता, आमच्या दोघांकडे न बघता म्हणाले, "मे म्हयन्यात येशात मां?"

दर वेळी बंदरावर पडाव सुटायच्या आधी मी ह्यांना हेच विचारत आले होते. हेच शब्द, आणि असंच दुसरीकडे बघत, साडीची निरी नीट करण्याचं निमित्त करून. मी दारातच थांबले. माणूस तारेला भीत होता की नाही ते देव जाणे, पण आणखी कशाला तरी भीत होता हे मला त्या घटकेला कळलं. कारण तीच भीती मी लग्न झाल्यापासून उशाशी घेऊन झोपत होते. "येतलंव," मी म्हटलं. "दर वर्सा येतलंव. तुमी वाट बघा."

मुंबईला गेल्यावर माझा मत्सर निवला असं समजू नका. उजेडाचं बटण मी पहिल्या दिवशी इतक्या वेळा दाबलं की हे म्हणाले, दिवा बिघडेल. शेजारच्या म्हातारीने मला तांदूळ निवडायला आणि भांडायला शिकवलं. पुढच्या वर्षी मुलगी झाली, हातापायाने धड, आवाजाने ट्रामला लाजवणारी. भावजींचं कार्ड आलं: अभिनंदन, आणि पाळण्याचं तोंड कुठे आहे ते कळवावे. हे संध्याकाळी कामावरून येऊन माझ्यासमोर बसत, आम्ही खूप बोलत असू. पण मे महिन्यात गावी पाऊल ठेवलं की ह्यांची चुळबुळ सुरू. मीच म्हणे, "जावा आता, वाट बघत आसतले." जीभ म्हणे हं, मन अजून तयार नसायचं. आणि मुलगी चालायला लागल्यावर तर कहरच झाला. एका संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले तर तिघं होती! पुढे मुलगी चुंबक ओढते आहे, मागे हे दोघं लेंगे दुमडून. सवतीने आता पोरही पळवली. त्या खेपेला मात्र मी सुरूंपाशी थांबले नाही. साडी खोचली आणि म्हटलं, द्या इकडे तो सुंभ. चांगली जड असते ती काळी वाळू, सांगून खरं वाटायचं नाही.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात भावजी गेले. आम्हाला उशिरा कळलं. पुढच्या मे महिन्यात आम्ही आलो तेव्हा त्यांचं घर बंद होतं, पुतण्या बागेपुरता येऊन जाई. होकायंत्र त्याने कोणाला दिलं की काय झालं त्याचं, आम्ही विचारलं नाही. मुलगी शेजारच्या पोरींत रमली होती.

त्या सुट्टीत हे कुठेही गेले नाहीत. ऊन उतरलं की अंगणात येऊन माझ्यासमोर बसत. मी फणसाच्या आठळ्या सोलत असे, हे बघत असत. "चाय करू?" म्हटलं की "कर" म्हणत. लग्न झाल्यापासून मी जे मागत आले होते ते सगळं एकदम पदरात पडलं होतं. सबंध माणूस, सबंध संध्याकाळ, वाटेकरी कोणी नाही. चार दिवस मी ते सोसलं. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "जेवणाक येळ आसा हो अजून. जरा जावन येवा खंय तरी."

हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "खंय जाव?"

मी मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन पायरीवर बसले. माडांच्या पलीकडे त्या घराची कौलं दिसत होती. दोघंही तिकडे न बघता आम्ही अंधार पडेतो तशीच बसून राहिलो.